चौकट नसलेल्या चित्रपटाचे सहा महिने

गेली चौदा वर्षे मी नागपुरात माहितीपटांचे आणि संस्थांना लागणाऱ्या छोट्या फिल्मचे संकलन करते. मार्च २०२५ मध्ये एका संस्थेने नागपुरातच, केवळ शनिवार-रविवारी, चित्रपटकर्त्यांसाठी व्हीआर, म्हणजे हेडसेट घालून चहूबाजूंनी पाहायच्या आभासी वास्तवाच्या, माध्यमातील कथनाचे प्रशिक्षण जाहीर केले, तेव्हा अर्ज करावा की नाही हे ठरवण्यातच माझे आठ दिवस गेले. जाहिरातीत युनिटी, स्पेशियल ऑडिओ, सिक्स डॉफ असे शब्द होते, आणि मला प्रोग्रामिंगचे अक्षरही येत नव्हते. वय एक्केचाळीस. विचारावे असे या वाटेने गेलेले ओळखीतले कुणी नव्हते. आता सगळे संपले आहे, कागद फाइलला लागले आहेत, म्हणून जे घडले ते घडले त्या क्रमाने लिहून ठेवते.

अर्जाची शेवटची तारीख २८ मार्च होती. दोन पानी कथासार, आधीच्या कामाचे दोन दुवे, आधार, पॅन, रद्द केलेला धनादेश आणि व्यवसायाचा पुरावा म्हणून उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र अशी मागणी होती. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर विनाशुल्क होते, हे मला दुसऱ्या दिवशी कळले. पहिल्या दिवशी सीताबर्डीवरच्या एका दुकानात मला त्याचे आठशे रुपये सांगितले होते. खरी अडचण वेगळीच निघाली. माझ्या आधारवर सासरचे आडनाव आहे आणि पॅनवर माहेरचे. दोन्ही कागद एकाच व्यक्तीचे आहेत हे दाखवण्यासाठी विवाह नोंदणी प्रमाणपत्राची प्रत आणि साध्या कागदावरचे स्वयंघोषणापत्र जोडावे लागले. लग्न झालेल्या ज्या मैत्रिणी असा कुठलाही अर्ज करणार असतील त्यांनी हे दोन कागद आधीच स्कॅन करून ठेवावेत, कारण नेमके शेवटच्या संध्याकाळीच संकेतस्थळ दोन एमबीपेक्षा मोठी फाइल घ्यायला नकार देते.

कथासारासाठी मी मारबतीचा विषय घेतला होता. नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी सांगते की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, सकाळी इतवारी भागातून काळ्या आणि पिवळ्या मारबतीची, म्हणजे स्त्रीरूपातल्या मोठ्या पुतळ्यांची, मिरवणूक निघते. काळ्या मारबतीची परंपरा १८८१ पासूनची आणि पिवळीची १८८५ पासूनची सांगतात. त्यांच्याबरोबर बडगे असतात, म्हणजे त्या वर्षी लोकांना ज्या गोष्टीचा राग आलेला असेल तिचे पुतळे. महागाई, भ्रष्टाचार, खड्डे, काहीही. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असे ओरडत त्यांना शहराबाहेर नेऊन जाळतात. माणूस चारही बाजूंनी गर्दीत वेढलेला असतो, त्यामुळे चारही बाजूंनी पाहणाऱ्या कॅमेऱ्याला याहून योग्य विषय कोणता, असा माझा समज होता. अर्जात एक प्रश्न होता, ‘या दृश्यात प्रेक्षक कोण आहे?’ त्याच्यापुढे मी ‘साक्षीदार’ एवढाच शब्द लिहिला आणि पुढच्या रकान्याकडे वळले.

२४ एप्रिलला वीस मिनिटांची ऑनलाइन मुलाखत झाली आणि त्यातली निम्मी मिनिटे त्या एका शब्दावर गेली. मारबत तर हजार लोक मोबाइलवर चित्रित करतात, मग हा कॅमेरा कशासाठी, असे निवड मंडळाने विचारले. प्रेक्षकाला गर्दीत उभे राहिल्यासारखे वाटावे म्हणून, असे मी म्हणाले. त्यावर मंडळातील एक बाई शांतपणे म्हणाल्या, ‘गर्दीत उभ्या असलेल्या माणसाला काही दिसत नाही हो.’ मला उत्तर सुचले नाही. निकाल एप्रिलअखेर लागणार होता, तो ९ मे रोजी लागला. मधल्या पंधरा दिवसांत मी दोनदा ईमेल केला आणि दोन्ही वेळा ‘प्रक्रिया सुरू आहे’ एवढेच उत्तर आले. तिसऱ्यांदा न विचारणे मला जड गेले.

निवड झाल्यावर २० मेपर्यंत १८,००० रुपये शुल्क आणि १०,००० रुपये परतीची अनामत भरायची होती, शिवाय उपकरणांच्या जबाबदारीचा करारनामा मुद्रांकावर करून द्यायचा होता. ऑक्टोबर २०२४ पासून राज्यात अशा करारांना शंभराचा मुद्रांक चालत नाही, पाचशेचा लागतो. हे माहीत नसल्याने घरी जपून ठेवलेला शंभराचा जुना कागद घेऊन मी ४४ अंशांच्या उन्हात सिव्हिल लाइन्सला गेले आणि तशीच परत आले. दुसऱ्या खेपेला मुद्रांक आणि नोटरी मिळून आठशे रुपये लागले. करारनामा मात्र वाचण्यासारखा होता. आपण चित्रित केलेल्या साहित्याचा हक्क कुणाकडे राहील, हे कलम सातव्या पानावर होते. तो हक्क संस्थेकडे होता. मी फोन करून विचारले, तेव्हा प्रशिक्षणातील सरावापुरताच तो संस्थेचा, अंतिम फिल्म प्रशिक्षणार्थ्याची, असा खुलासा मिळाला, आणि तो मी ईमेलवर लेखी मागून घेतला. विचारल्याशिवाय तो मिळाला नसता.

१४ जूनला वर्ग सुरू झाला. आम्ही बारा जण होतो. लग्नाचे चित्रीकरण करणारे दोघे, एक वास्तुविशारद, चंद्रपूरहून दर शनिवारी पहाटेच्या गाडीने येणारे एक शिक्षक, नाटकात प्रकाशयोजना करणारा एक तरुण आणि इतर. चित्रपटकर्ते म्हणावेत असे आम्ही चौघेच होतो आणि पहिल्या महिन्यात सर्वांत मागे आम्ही चौघेच राहिलो. त्याचे कारण नंतर लक्षात आले: आम्हाला चौकट सोडता येत नव्हती.

पहिल्या दिवशी हेडसेट डोक्यावर चढवला. आमच्याकडचे हेडसेट अर्ध्या किलोच्या आसपासचे होते. ते जड वाटतात अशी कुणीतरी तक्रार केली, तेव्हा प्रशिक्षकांनी १९६८ मध्ये अमेरिकेत आयव्हन सदरलँड यांनी केलेल्या हेडसेटचे छायाचित्र दाखवले. तो छताला टांगलेल्या यांत्रिक दांड्याला जोडलेला होता, कारण डोके कुठे वळते ते मोजण्याचा त्या काळी उपलब्ध असलेला एक मार्ग तो होता. तक्रार तिथेच थांबली. हेडसेट घालताना दोन गोष्टी जपाव्यात. दोन बाहुल्यांमधले अंतर प्रत्येकाचे वेगळे असते आणि त्यानुसार भिंगे सरकवावी लागतात. ते न केल्यास चित्र अंधुक दिसते आणि दोष आपण यंत्राला देतो. चष्मा असेल तर चष्म्यासाठीची कड आधी बसवावी, नाहीतर भिंगांवर ओरखडे पडतात आणि ओरखडे अनामतीतून वजा होतात. जूनमधल्या नागपूरच्या उकाड्यात बारा जणांच्या घामाने फोमची जी अवस्था झाली तिचे वर्णन करत नाही, पण स्वतःचा सुती रुमाल आणि पुसण्याचे कागद दुसऱ्या दिवसापासून प्रत्येकाच्या पिशवीत होते.

मळमळ होते. हे आधी कुणी स्पष्ट सांगत नाही म्हणून सांगते. पहिल्या दुपारी धावत्या गाडीतून घेतलेले एक दृश्य पाहिले आणि तिसऱ्या मिनिटाला मी हेडसेट काढून जमिनीवर बसले. डोळे मेंदूला सांगतात की आपण पुढे चाललो आहोत, आणि आतल्या कानातला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण खुर्चीत स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की पोट ढवळते. घाटात गाडी लागते त्याचाच हा उलटा प्रकार आहे. पोट अगदी रिकामे किंवा अगदी भरलेले नसावे, सुरुवातीला दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नये आणि मळमळ सुरू होताच ताबडतोब हेडसेट काढावा. ‘सवय होईल’ म्हणून रेटू नये. पण मला यातून प्रकृतीपेक्षा व्याकरण जास्त कळले. आम्ही ज्या हालचालींवर आयुष्यभर जगलो ते पॅन, ट्रॉली आणि हातातला कॅमेरा इथे प्रेक्षकाचे पोट बिघडवतात. इथे कॅमेरा उभा राहतो. मान वळवण्याचा अधिकार प्रेक्षकाचा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या आठवड्यात कागदावरचे काम होते. चौकोनी स्टोरीबोर्डऐवजी आम्ही वर्तुळे काढायला शिकलो. मध्ये बिंदू, तो प्रेक्षक. सभोवती घड्याळाचे आकडे. बारा वाजता समोरचे पात्र, तीन वाजता दार, सहाला पाठीमागची खिडकी. मी घरी जेवणाचे ताट पालथे घालून वर्तुळे काढत असे. प्रशिक्षकांनी कुठलेही पाश्चात्त्य उदाहरण देण्याआधी आम्हाला खडी गंमत आठवायला सांगितली. आमच्याकडच्या या लोकनाट्यात कलावंत उभे राहून खेळ करतात आणि लोक त्यांच्या भोवती जमतात. तेच उलटे करा, प्रेक्षक मध्ये ठेवा आणि खेळ त्याच्या भोवती मांडा, असे ते म्हणाले. भंडाऱ्याकडची एक सहकारी एवढ्या एका वाक्यात जे समजली ते मला पुढचे दोन रविवार समजत नव्हते. ती कडेकडेच्या पात्रांनाही समोरच्याइतकेच काम देत होती, आणि मी अजून सगळी माणसे बारा वाजताच कोंबत होते.

बसलेला माणूस आपणहून पाठीमागे फारसा पाहत नाही. त्याला वळवायचे तर आवाजाने बोलवावे लागते किंवा समोरचे पात्र तिकडे पाहते असे दाखवावे लागते. संकलनात काय करायचे याबद्दल गुगलमध्ये व्हीआर चित्रपटकर्त्या म्हणून काम केलेल्या जेसिका ब्रिलहार्ट यांची एक रीत आम्हाला शिकवली. एका शॉटच्या शेवटी प्रेक्षक बहुधा कुठे पाहत असेल याचा अंदाज घ्यायचा आणि पुढच्या शॉटमधील महत्त्वाची गोष्ट फिरवून त्याच दिशेला आणायची. संकलक म्हणून मला हे वाचून आनंद झाला आणि करताना घाम फुटला, कारण ‘बहुधा’ या शब्दावर मी पूर्वी कधीच कट मारलेला नव्हता. इतिहासाचा एक तास होता, तोही झाला. त्यात व्हीआर चित्रपटकर्ते ख्रिस मिल्क यांनी २०१५ मध्ये व्हीआरला सहानुभूतीचे यंत्र म्हटले होते, यावर बराच वाद रंगला. माझे मत वर्गात अल्पमतात होते आणि अजूनही तेच आहे: दुसऱ्याच्या घरात उभे राहायला मिळाले म्हणजे त्याचे दुःख कळले असे होत नाही, कित्येकदा केवळ घर पाहून होते.

सरावाचा पहिला शॉट मी माझ्या स्वयंपाकघरात घेतला. कॅमेरा ओट्यावर ठेवला, स्वतः बेडरूममध्ये जाऊन मोबाइलवरून सुरू केला आणि सासूबाईंना नेहमीसारखा चहा करायला सांगितले. हेडसेटमध्ये पाहिले तर त्यांचा उजवा हात कोपरापासून नाहीसा झाला होता आणि चहाचे भांडे हवेत तरंगत होते. या कॅमेऱ्याला पाठीला पाठ लावलेली दोन भिंगे असतात. दोन्ही चित्रे जिथे शिवली जातात तिथे जवळची वस्तू आली की ती तुटते. म्हणून माणूस साधारण मीटरभर तरी दूर आणि भिंगाच्या समोर असावा, शिवणीवर नसावा. तर पाच-सहा मीटरच्या पलीकडे गेला की चेहरा ओळखू येत नाही. याचा हिशेब सोपा आहे. आमचा कॅमेरा ५७६० बाय २८८० चे चित्र देत होता, पण ते पूर्ण ३६० अंशांचे. हेडसेटमध्ये एका वेळी साधारण त्याचा पाव भागच दिसतो, म्हणजे रुंदीत जेमतेम १४४० बिंदू. जाहिरातीतल्या मोठ्या आकड्यांना भुलू नये, त्याला आधी चाराने भागावे. सासूबाईंनी तो शॉट पाहिला आणि ‘माझ्या हाताचे काय केलंस’ एवढेच विचारले.

जुलैमधले दोन आठवडे युनिटीला, म्हणजे संगणकात त्रिमितीय जागा उभारण्याच्या सॉफ्टवेअरला, दिले होते. प्रेक्षक फक्त मान वळवू शकतो तो थ्री डॉफ, आणि दृश्यात चालत जाऊन वस्तूच्या मागे डोकावू शकतो तो सिक्स डॉफ. दुसऱ्यासाठी चित्रीकरण पुरत नाही, जागा संगणकात उभारावी लागते. माझी एक खोली उभी राहिली, तिचे दार आजही उघडत नाही. याबद्दल मी अधिक लिहिण्याच्या योग्यतेची नाही.

अंतिम फिल्मसाठी मारबतीच्या मिरवणुकीच्या जोडीला पुतळे घडवण्याचे काम दाखवायचे मी ठरवले. इतवारीच्या एका गल्लीत मोहल्ल्यासाठी दरवर्षी बडगा करणारे एक काका भेटले. सत्तरीचे, मूळ व्यवसाय शिवणकामाचा. संमतीपत्र मी मराठीत, एका पानात लिहून नेले होते. साध्या कॅमेऱ्यापुढे एकाची सही पुरते, पण हा कॅमेरा खोलीतले सगळेच टिपतो. त्यामुळे काका, त्यांचा नातू, सून, आणि अधूनमधून डोकावणारे दोन शेजारी अशा पाच सह्या लागल्या. मुलाच्या संमतीवर त्याच्या आईची सही घेतली. भिंतीवर टांगलेले कॅलेंडर, बँकेचे पासबुक, देवघर हेही सगळे दिसणार, हे मी त्यांना आधीच मोबाइलवर दाखवले. सूनबाईंनी पासबुक उचलून ठेवले.

मिरवणुकीच्या परवानगीची गोष्ट अशी झाली. रस्त्याच्या कडेला चार मिनिटे स्टँड उभा करायचा एवढीच विनंती घेऊन मी एका कार्यालयात गेले. त्यांनी ते दुसऱ्या कार्यालयाचे काम असल्याचे सांगितले, दुसऱ्याने पुन्हा पहिल्याचे. चौथ्या खेपेला तोंडी उत्तर मिळाले की रस्त्यावर स्टँड नको, ओट्यावर किंवा गॅलरीत चालेल. या चार खेपांत एकच शहाणपणाची गोष्ट मी केली: अर्जाच्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का आणि तारीख घेतली. २३ ऑगस्टला सकाळी बंदोबस्तावरच्या हवालदारांनी हटकले, तेव्हा तोंडी उत्तर कुणी मानले नसते. तो शिक्का पाहून त्यांनी ओट्यावर सरकून घ्या म्हटले.

काकांच्या खोलीतले चित्रीकरण १६ आणि १७ ऑगस्टला झाले. बांबूच्या कामट्या, मैद्याची खळ, रद्दीचे थर, वर रंग. पहिल्या दिवशी मी कॅमेरा नेहमीच्या सवयीने उभ्या माणसाच्या उंचीवर, दीड मीटरवर लावला. संध्याकाळी घरी हेडसेट लावून पाहिले आणि अस्वस्थ झाले. काका जमिनीवर बसून काम करतात. आपण त्यांच्या डोक्यावर तरंगत आहोत आणि खाली एक लहानसा म्हातारा काहीतरी करत आहे, असे दिसत होते. सपाट पडद्यावर हाच शॉट मी निःशंकपणे वापरला असता. दुसऱ्या दिवशी स्टँड ऐंशी सेंटिमीटरवर आणला, म्हणजे पाटावर मांडी घालून बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि काकांपासून सव्वा मीटरवर. खोली तीच, माणूस तोच. पण आता आपण कामाच्या वेळी सहज येऊन बसलेले शेजारी झालो होतो. अर्जातल्या त्या रकान्यात खरे काय लिहायचे होते ते मला साडेचार महिन्यांनी, मोजपट्टी हातात असताना कळले.

आता माझी चूक. सभोवतालच्या ध्वनीसाठी चार वाहिन्यांचा अँबिसॉनिक रेकॉर्डर वापरतात. त्यावर समोरची बाजू खुणेने दाखवलेली असते आणि ती कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूशी जुळवायची असते. घाईत मी तो नव्वद अंशांनी वळवून ठेवला. परिणामी काका समोर कामटी तासत होते आणि तिचा आवाज उजवीकडच्या रिकाम्या भिंतीतून येत होता. पाहणारा प्रत्येक जण भिंतीकडे वळून बसला. सुदैवाने असा ध्वनी संकलनात जसाच्या तसा फिरवता येतो, पण कितीने फिरवायचा हे कळायला खूण लागते. प्रत्येक शॉटच्या सुरुवातीला कॅमेऱ्यासमोर उभे राहून एक टाळी वाजवावी आणि ‘समोर’ असे म्हणावे. मग उजवीकडे जाऊन ‘उजवीकडे’ म्हणावे. हास्यास्पद वाटते, पण माझे दोन दिवस वाचले असते.

मिरवणुकीच्या दिवशी तीन प्रकारे चित्रीकरण केले. एका घराच्या पहिल्या मजल्यावरच्या गॅलरीतून, गर्दीत मदतनिसाच्या हातातल्या काठीवरून, आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या ओट्यावर स्थिर ठेवून. गॅलरीतले शॉट सुंदर आणि निरुपयोगी निघाले, कारण माणसे मुंग्यांएवढी होती. काठीवरचे शॉट वर्गात ज्या दोघांनी पाहिले त्यांना घाटातली गाडी आठवली. ओट्यावरच्या साडेतीन मिनिटांच्या सलग शॉटमध्ये मारबत दुरून येते, अंगावर येते, मान वर करून पाहावी लागते आणि मग ती पाठीमागे निघून जाते. त्यातली पन्नास सेकंदे फिल्ममध्ये आहेत. मुलाखतीतल्या बाई बरोबर होत्या. गर्दीतून काही दिसत नाही. ओट्यावरून दिसते, आणि इतवारीतल्या लोकांना हे माझ्या आधीपासून माहीत असल्याने ओटे पहाटेच भरलेले होते.

संकलनाच्या टप्प्यावर यंत्रांनी छळले. आमच्या कॅमेऱ्याचा डेटा तासाला सुमारे चोपन्न जीबी होत होता. चार दिवसांच्या कामासाठी एक टीबीची एसएसडी घ्यावीच लागली. डाविंची रिझॉल्व्ह या संकलनाच्या सॉफ्टवेअरची विनामूल्य आवृत्ती ३८४० बाय २१६० च्या पुढे निर्यात करू देत नाही, म्हणून शेवटची निर्यात संस्थेच्या संगणकावर रांग लावून केली. माझ्या लॅपटॉपने नुसती शिवण करायला एक पूर्ण रात्र आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ घेतली. यूट्यूबवर २०१५ पासून ३६० अंशांचे व्हिडिओ चढवता येतात, पण फाइलमध्ये तशी नोंद नसेल तर चित्र सपाट, ताणलेल्या पट्ट्यासारखे दिसते. त्यासाठी गुगलचे मेटाडेटा इंजेक्टर नावाचे छोटे विनामूल्य साधन आहे. मी चढवलेला पहिला व्हिडिओ तीन मैत्रिणींनी तसाच ताणलेला पाहून कौतुक केले होते.

१४ सप्टेंबरला सादरीकरण झाले. माझी फिल्म सात मिनिटे वीस सेकंदांची, एकूण सहा शॉट. चौदा वर्षांत सहा शॉटची फिल्म मी कधी केली नव्हती. प्रतिक्रिया संमिश्र होत्या. दुसरा शॉट लांबला असे सर्वांनी म्हटले आणि ते खरे आहे. त्याच आठवड्यात राज्य मंत्रिमंडळाने एव्हीजीसी-एक्सआर (अ‍ॅनिमेशन, व्हिज्युअल इफेक्ट्स, गेमिंग, कॉमिक्स आणि व्हीआरसारखी माध्यमे) धोरण मंजूर केल्याची बातमी आली आणि वर्गाच्या व्हॉट्सअॅप गटावर पुष्कळ अभिनंदने झाली. नागपुरात मला याचे काम मिळेल की नाही हे त्या बातमीवरून ठरत नाही. सध्या एका वास्तुविशारदाच्या कार्यालयासाठी एक छोटे काम चालू आहे, बाकी मी पूर्वीसारखीच संकलन करते.

खर्च लिहिते, कारण मला तो आधी कळला असता तर बरे झाले असते. शुल्क १८,०००, मुद्रांक व नोटरी ८००, मेमरी कार्ड आणि एसएसडी ८,६००, संस्थेचे दोन कॅमेरे बारा जणांत पुरत नसल्याने चार दिवस भाड्याने घेतलेला कॅमेरा ६,०००, मदतनिसांना ३,०००, जाण्यायेण्याचे आणि चहापाण्याचे साधारण २,५००. अनामतीतून फोम बदलण्याचे म्हणून १,२०० कापले. मी पावती मागितली, ती नऊ दिवसांनी आली. उरलेले ८,८०० रुपये २६ सप्टेंबरला खात्यात जमा झाले. एकूण ४०,१००. चंद्रपूरच्या सरांचा प्रवासखर्च यात धरला तर आकडा बराच वाढतो.

सादरीकरणानंतर, हेडसेट परत करण्याआधीच्या संध्याकाळी, मी तो घेऊन काकांकडे गेले. त्यांना पाटावर, त्यांच्या नेहमीच्या जागेसमोर बसवले, चष्म्याची कड लावली, भिंगे जुळवली. बडगा तर कधीच जळून गेला होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपले, आणि म्हणाले, ‘मागची गाठ सैल राह्यली होती बाप्पा. कोणी सांगितलं नाही मले.’ नंतर त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, पुरते मागे वळून दाराकडे पाहिले.

‘सगळे आहेत इथं. सून आहे, पोट्टा आहे. तुम्ही कुठी होत्या, ताई?’

‘दाराच्या मागे,’ मी म्हणाले. ‘तुम्हाला दिसू नये म्हणून.’

‘दोन दिवस?’

‘दोन दिवस.’

त्यांनी हेडसेट न काढताच सुनेला हाक मारून चहा ठेवायला सांगितले.